ठमाबाईचा रगतपित्या

नागभीडच्या बाजारात भोंगा ओरडत होता, आणि ठमाबाईला वाटलं, हा मेला माझ्याच नावानं ओरडतो आहे.

"देखो देखो देखो! आज दुपारले रहीमभाईच्या व्हिडिओ हॉलमंदी, रगतपित्या! कमजोर दिलवाल्यानं येऊ नोका, लेकराइले घरी ठेवा! रगतपित्याऽऽ!"

सायकलरिक्षावर बांधलेला भोंगा भाजीच्या ओळीतून निघाला, मासळीच्या ओळीत वळला आणि उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसलेल्या ठमाबाईसमोर गर्दीत अडकून तिथंच बोंबलत राहिला. ठमाबाईचे दोन्ही हात पदराखाली होते. बाजारात ते कायम पदराखालीच असत. गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, "घ्या बापा, आपल्या हातानं घ्या." लोकांना वाटे, बाई फार दिलदार आहे.

आता ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून ठेवतो. आमच्याकडं रगतपिती म्हणजे महारोग. आणि रगतपित्या म्हणजे ज्याला तो लागला तो. हा शब्द कोणी तोंडावर म्हणत नाही, पाठीवर मारतात, दगडासारखा. ठमाबाईच्या पाठीवर तो इतक्यांदा बसला होता की गावात मागून कोणी नुसतं खाकरलं तरी तिचे खांदे आपोआप आत जायचे. आणि आज भर बाजारात भोंगा लावून त्याचा सिनेमा? माणसाच्या दुखण्याचा तमाशा, आणि वर तिकीट? तिनं टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि तरातरा निघाली.

ही ठमाबाई मूळची धडधाकट, ढिवराची म्हणजे मासेमाराची सून. नागभीडच्या अलीकडं तलावाकाठी तिचं गाव. नवरा कोलू, गरीब स्वभावाचा. इतका गरीब की स्वतःच्या घरात पाणी प्यायचं तरी मोठ्या भावाच्या तोंडाकडं पाहायचा. मोठा भाऊ सोमाजी. घर त्याचं, जाळी त्याची, तलावाच्या सोसायटीत शब्द त्याचा, आणि मारुतीच्या देवळात भजनाला मृदंगही त्याचाच. ठमाबाई त्याची भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको. आणि आमच्याकडं भासरा, म्हणजे थोरला दीर, आणि भावसून यांच्यामध्ये न दिसणारी भिंत असते. तिनं त्याच्यासमोर पदर पुढं ओढायचा, त्यानं तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. बोलायची वेळच आली तर दोघांनीही खांबाशी बोलायचं, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीशी. "म्हना त्या बाईले, भात वाढा." "सांगा मोठ्याइले, भात संपला." असं.

एक दिवस चुलीतला निखारा ठमाबाईच्या हातावर पडला आणि मांस जळल्याचा वास आला तरी तिला कळलं नाही. लेक डिंपल ओरडली तेव्हा तिनं हात झटकला. पुढं तालुक्याचा दवाखाना, चट्ट्यांची तपासणी आणि रंगीत गोळ्यांची पाकिटं. गोळ्यांचा कोर्स तिनं इमानेइतबारे पुरा केला. डॉक्टर म्हणाले, बाई, तू बरी झालीस, तुझ्यापासून आता कोणालाच काही व्हायचं नाही. बोटं तेवढी वाकडी राहिली आणि भुवया गेल्या त्या गेल्या.

सोमाजी खांबाला म्हणाला, "दवाखान्यानं बरी केली ना? मंग दवाखान्यातच राह्य म्हना."

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शिंगाड्याच्या राखणीसाठी एक झोपडी होती. ठमाबाईचं बोचकं तिथं गेलं. कोलू ते डोक्यावर घेऊन पुढं चालला होता आणि मुसूमुसू रडत होता, पण चालत होता. डिंपल तेव्हा परकर नेसायची. ती आईच्या मागं धावली तर सोमाजीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. ठमाबाईनं हे पाहिलं आणि कोलूच्या मागं चालत राहिली. तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल. रोग झाला म्हणजे चूकच की. अशी तिची वर्षं गेली, खाली मान आणि पदराखाली हात.

तर ती ठमाबाई रहीमच्या दारात जाऊन उभी राहिली. जुनी धानाची गिरणी, तिच्या खिडक्यांना काळे पडदे आणि आत एक टीव्ही, एक व्हीसीआर. हाच तो व्हिडिओ हॉल. बाहेरच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. पण चित्र होतं. लांब सुळे आणि लालभडक तोंड.

"कोन रे ह्या हॉलवाला? बाहीर निंग!"

रहीम बाहेर आला. पस्तिशीचा, बारीक, गळ्यात टेप पुसायचा रुमाल. "काय झालं बाई?"

"माह्या रोगाचा सिनेमा लावला तुनं? लाज नाई वाटत? आमाले काय सुळे असतेत? आमी काय कोनाचं रगत पेतो?" आणि ज्या हातांना तिनं कित्येक वर्षं ऊन दाखवलं नव्हतं ते दोन्ही हात तिनं त्याच्या नाकासमोर नाचवले. "पाह्य! पाह्य बराबर! हे पाहाले तिकिट लावतं का बे?"

रहीम एक पाऊल मागं सरला. त्याच्या घरी हिंदी, बाजारात मराठी, आणि दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात त्याचा पाय गेला होता. "अवो बाई, कसम से! ह्या सिनेमातला आदमी रगत पेते ना, रगत! पेते म्हनून रगतपित्या. विलायती पिच्चर होय, हिंदीत बोलते. नाव मीच देलं, मले वाटलं लोकाइले समजन. मले काय मालूम ह्या रोगाचं नाव होय!" त्यानं स्वतःच्या कानाची पाळी धरली. "तौबा. अभी पुसतो."

तो खडू पुसायला वळला आणि ठमाबाईचा राग असा बसला की तिलाच ओशाळल्यागत झालं. हा माणूस तर खरंच येडा निघाला! तिनं हात पुन्हा पदरात घेतले. जायला निघाली.

"बाई, पाहून तं जा. तुमच्याकडून तिकिट घेत नाई मी. या ना, आत या."

ती उंबऱ्याबाहेरच थबकली. आत या? हे शब्द तिला उद्देशून कोणी शेवटचे कधी बोललं होतं, हे तिला आठवेना. भाऊबंदांकडं ती अंगणात उभी राहायची, दुकानात रस्त्यावर, देवळात पायरीखाली. तिनं मागं वळून पाहिलं, न जाणो दुसऱ्या कोणाला म्हणत असेल.

"तुमालेच म्हनतो. आत या."

ती आत गेली. अंधारात मागच्या भिंतीला टेकून बसली, आणि सिनेमा सुरू झाला.

बर्फाचा मुलूख. डोंगरावर पडका वाडा. त्यात राहणारा एक उंच माणूस, काळी खोळ पांघरलेला, तोंड पांढरंफटक. सगळं गाव त्याला भितं. त्याची सावली पडली की बाया लेकरांना ओढून दार लावतात. आरशात त्याचं तोंड दिसत नाही. देवळात त्याला जाता येत नाही. लोक म्हणतात, हा कधीचाच मेलेला आहे, तरी चालतो. हॉलमध्ये पोट्टे किंचाळत होते आणि ठमाबाई मात्र पुढं पुढं सरकत होती. अगं बाई, हे तर सगळं आपलंच! दार लावणं आपलं, देऊळ आपलं, आरसा तर आपण स्वतःच फोडला होता, भुवया गेल्या तेव्हा.

पण हा माणूस मान खाली घालत नव्हता! चारचौघांनी हाकलला तरी ताठ. गावात यायचा तो रस्त्याच्या मधून. आणि मग तो प्रसंग आला. तो एका घराच्या दाराशी उभा. दार सताड उघडं आहे, अडवणारं कोणी नाही, तरी तो पाय आत टाकत नाही. घरातल्या नोकरानं बोलावलं, नाही आला. पोरीनं बोलावलं, नाही आला. शेवटी घरमालक म्हातारा उठून आला आणि हात जोडून म्हणाला, हुजूर, अंदर आइए. तेव्हा त्यानं पाऊल उचललं. पुढं घरच्यांना कळलं की हा कोण, तशी सगळी त्याला निघ निघ करू लागली. तर हा खुर्चीत बसून हसला आणि म्हणाला, "बुलाया तुमने था."

ठमाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे हो. आपलं काही हरवलेलं दुसऱ्याच्या घरी दिसावं, तसा.

सिनेमा रंगात आला. गावकरी मशाली आणि लाकडाचा खुंटा घेऊन वाड्याकडं निघाले, आता त्याच्या छातीत तो खुंटा ठोकणार, आणि बत्ती गुल! लाइट गेली. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, रहीमच्या नावानं शंख केला, थोडा वेळ वाट पाहून लोक उठले. लाइट काही आली नाही. रहीम ठमाबाईला म्हणाला, "बाई, पुढच्या बाजाराले या. मरते कसा ते दाखवतो."

"नोको," ठमाबाई म्हणाली. "मले नाई पाह्याचं. माह्या सिनेमात तो मरत नाई."

त्या दिवशी ती गावाकडं निघाली ती रस्त्याच्या मधून. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं आरोळी दिली तेव्हा बाजूला झाली, पण उगाच आधीपासून नाही.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमा पाहून कोणी देव बदलतं का? बदलतं! माणसाला जिथं आपलं तोंड दिसतं तिथं तो हात जोडतो, मग ते देऊळ असो की गिरणी. रहीमनं त्या कॅसेटचं फाटकं कव्हर तिला दिलं. ते तिनं झोपडीच्या कुडात खोचलं. त्याला दिवा लावला नाही, कारण उजेड त्याला चालत नाही. फूल नाही, नारळ नाही. दिवेलागणीला, म्हणजे तो उठायच्या वेळेला, ती पाळीवर ताठ पाठीनं बसायची. आणि स्वतःला एकच विचारायची, "ठमे, आज कोनापुढं उगाच मान घातली का?" घातली असली तर दुसऱ्या दिवशी त्या माणसासमोरून मान वर करून जाऊन यायची. ही तिची पूजा. आणि एक नेम धरला तो पक्का धरला. बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही. आधीही ती जात नव्हती, पण आधी लोक येऊ देत नव्हते म्हणून. आता तिची मर्जी म्हणून. पाहणाऱ्याला फरक दिसला नसता. तिला मात्र रात्रीची झोप लागू लागली.

बाजारात तिनं हात पदराबाहेर काढले. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ द्या, खड्ड्यात जावोत! वाकड्या बोटांनीच ती ओंजळ भरून शिंगाडे देऊ लागली, आणि गंमत अशी की काही नवीही आली. दवाखान्यात तपासणीच्या दिवशी भेटणारी बायनाबाई, तिचंही बोटांचं तसंच, एकदा भीतभीत म्हणाली, "पन ठमे, तो रगत पेते ना वो?"

"तो पेते, मी शिंगाडे खातो," ठमाबाई म्हणाली. "देवाइच्या गोष्टी ऐकतो तं देव काय कमी कुटाणे करतेत? आपन थोडेच तेवढे करतो? आपल्याले त्याची मान घ्याची, दात नाई."

बायनाबाईला हे पटलं. पुढच्या तपासणीला ती सरकारी बाकावर मधोमध बसली.

ही गोष्ट सोमाजीपर्यंत गेली नसती तरच नवल. त्यानं कोलूकरवी निरोप धाडला, "सैतान पूजते म्हन तुही बायको. गावाले पाप लागन. मारुतीले भिय म्हना."

कोलू पाळीच्या खाली उभा राहून निरोप सांगत होता. ठमाबाई हसली. "सांग तुह्या भावाले. मारुतीच्या देवळात मले तुमी जाऊ देत नाई. हा माहा देव बी देवळात जाऊ शकत नाई. आमी दोघं बाहीर बसतो. तुमाले काऊन तरास?"

कोलूनं हा निरोप कितपत पोचवला कोण जाणे. पण त्या दिवशी जाताना तो एकदा वळून तिच्याकडं पाहत राहिला.

अशी काही वर्षं सरली. डिंपल आता मोठी झाली होती. चोरून पाळीवर यायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. रगतपित्याची सगळी गोष्ट तिला तोंडपाठ होती. आणि मग एका संध्याकाळी ती आली ती रडतच.

"माय, माहं लगीन ठरलं. ब्रह्मपुरीकडचे होय. पोट्टा चांगला आहे."

"मंग रडतं कायले?"

हुंदके आवरत तिनं सांगितलं. मोठ्या बाबानं, म्हणजे सोमाजीनं, वरपक्षाला सांगून टाकलं होतं की नवरीची माय मेली. लहानपणीच मेली. कशानं मेली? तापानं.

ठमाबाईनं तळ्याकडं पाहिलं. तळ्यावर बगळे उतरत होते. जिवंतपणी घराबाहेर काढलं ते तिनं गिळलं होतं. देऊळ, दुकान, पाणवठा, सगळं गिळलं होतं. पण पोटच्या पोरीच्या लग्नात तिला मेलेली केलं! ज्या हातांनी तिला न्हाऊमाखू घातलं, ते हात चितेवर गेले म्हणे, तापानं! रागानं तिच्या डोळ्याला पाणीसुद्धा येईना.

मागोमाग कोलूही आला, सोमाजीचा निरोप घेऊन. लग्नाच्या दिवशी मागच्या दारानं गोठ्यात यायचं. कुडाच्या फटीतून पोरीवर अक्षता पडताना पाहायच्या. पत्रावळ तिथंच मिळेल. खोकायचं नाही.

"आन तुले कसं वाटते?" ठमाबाईनं नवऱ्याला विचारलं.

कोलूनं जमिनीकडं पाहिलं. "पाहाले तं भेटन ना वो पोरीले."

ते खरंच होतं. तिला नुसतं गोठ्यात जायचं होतं आणि पोरीचं लग्न डोळ्यानं दिसलं असतं. नाही गेली तर तेही नाही. आणि तमाशा करावा तर पोरीचं लग्न मोडायचं. ह्या विचारानं तिचा जीव चिरून निघाला. दिवेलागणीला ती कव्हरासमोर बसली, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, हा कागदावरचा बाबा काय कामाचा? त्याला कुठं लेक होती!

डिंपलच म्हणाली, "माय, तू गोठ्यात आली तं मी आयुष्यभर तुले गोठ्यातच पाहीन. येतं तं समोरून ये. पुढचं मी पाह्यतो."

ठमाबाईनं पोरीकडं पाहिलं. पोरीची मान आईसारखी ताठ होती, कोणी शिकवली देव जाणे. "लगीन मोडलं तं?"

"मोडलं तं मोडलं. खोट्यावर किती दिवस संसार करू?"

रहीमचा हॉल त्याच महिन्यात बंद झाला होता. नागभीडात केबल आली, घरोघरी सिनेमे दिसू लागले, धानाच्या गिरणीत कोण येणार? तो पडदे काढत होता तेव्हा ठमाबाई दारात जाऊन उभी राहिली. नेमाप्रमाणं बाहेरच. "या बाई, आत या," तो म्हणाला, मग ती आत गेली. तिनं सगळं सांगितलं. रहीमनं काही सल्ला दिला नाही. खिडकीचा एक काळा पडदा झटकला, घडी घातली आणि तिच्या हातात ठेवला. "घ्या. तुमच्या देवाची खोळ."

लग्नाच्या दिवशी सोमाजीच्या दारात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता. वऱ्हाड उतरलं होतं, पोरंटोरं धुडगूस घालत होती, भटजी घाई करत होते. आणि पाळीकडच्या वाटेनं ठमाबाई आली. हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू, खांद्यावरून काळा पडदा. रस्त्याच्या मधून आली. वाजंत्री वाजवणाऱ्यानं तिला पाहिलं आणि त्याची सनई मध्येच बंद पडली. गावचे लोक वारूळ फुटावं तसे बाजूला झाले. ती मांडवाच्या तोंडाशी आली आणि थांबली. पाऊल आत टाकलं नाही.

वरमाई इंदिराबाई पुढंच बसली होती, अंगापिंडानं भरलेली, आवाजानं त्याहून. "ह्या बाई कोन होय?"

गावच्या बायांनी पदर तोंडाला लावले.

"मी नवरीची माय," ठमाबाई म्हणाली. "मेलेली."

झालं! मांडवात एकच कल्ला उठला. नवरदेवाचा काका उभा राहिला. सोमाजीचं तोंड राखेसारखं झालं. इंदिराबाईनं ठमाबाईला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाय, हात, वाकडी बोटं, भुवया. ठमाबाईनं हात लपवले नाहीत, चांगले समोर धरले. डिंपलच्या लग्नाचं काय व्हायचं ते त्या क्षणी व्हायचं होतं.

"दवा घेतली?" इंदिराबाईनं विचारलं.

"पुरी केली. कवाच."

इंदिराबाई सोमाजीकडं वळली आणि जी फुटली! "काय हो सोमाजी! जिवंत विहीन मेली म्हनून सांगतलं मले? विहिनीचं लुगडं नाई आनलं मी! चार लोकाइत आता खाली हातानं कशी भेटू तिले? उद्या माह्याच गावात बाया म्हनतीन, इंदिरानं विहिनीले लुगडं नाई नेसवलं! माही इज्जत घालवली तुमी, माही!"

आता बोला! सोमाजीला रोगाची भीती होती आणि त्या बाईला लुगड्याची पडली होती. रोगाचंही तिच्या मनात थोडं असेल, नाही असं नाही, कारण ती ठमाबाईच्या अगदी जवळ काही गेली नाही. पण लुगड्याचा अपमान मोठा होता. "बोलवा त्याइले आत," ती म्हणाली.

सोमाजी खांबाकडं तोंड करून कोलूवर खेकसला, "आन तिले आत."

कोलू पुढं आला. "चल वो."

"तू मालक नाई ह्या घराचा," ठमाबाई हळूच म्हणाली. "तूच सांगत आला आतापावतर."

कोलू मागं सरला. तेवढ्यात घराच्या दारातून डिंपल आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हळदीनं पिवळी. ती उंबऱ्यावर बसली, चक्क बसली, पाय बाहेर सोडून. "मोठ्या बाबानं मायले बोलावल्याबिगर मी उठत नाई."

"ये म्हना तिले!" सोमाजी खांबाला म्हणाला.

"खांबाले नाई," ठमाबाई म्हणाली. "मले."

"या बाई."

"कोन्ती बाई? इथी लय बाया आहेत."

भासऱ्यानं भावसुनेचं नाव घ्यायचं, तेही चारचौघांत, हे त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. भटजींनी घड्याळाकडं पाहिलं. इंदिराबाई कमरेवर हात देऊन उभी होती. सोमाजी खांबाकडून वळला. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून त्यानं तिच्या तोंडाकडं सरळ पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"ठमा..." त्याचा आवाज चिरकला. "ठमाबाई. घरात या."

ठमाबाईनं पाऊल उचललं.

तिनं पोरीला उंबऱ्यावरून उठवलं, त्याच वाकड्या हातांनी. बोहल्यापर्यंत नेलं. अक्षता पडल्या तेव्हा ती मांडवाच्या मध्ये उभी होती आणि ढसाढसा रडत होती, पदर डोळ्याला न लावता, सगळ्यांना दिसेल अशी. इंदिराबाईनं पेटीतून स्वतःचं एक कोरं लुगडं काढलं आणि लांबूनच का होईना, तिच्या हातावर ठेवलं. ठमाबाईनं ते घेतलं. पंगतीत ती सोयऱ्यांच्या ओळीत बसली. शेजारची जागा रिकामीच राहिली, तर कोलू आला आणि तिथं बसला. त्यानं कोणाच्याही तोंडाकडं पाहिलं नाही.

वरात गेली. डिंपल आईच्या गळ्यात पडून रडली आणि जीपमध्ये चढली. मांडवातली गर्दी पांगली, पोरं उरलेली बुंदी वेचत होती. सोमाजी ओसरीवर बसला होता. दिवसभराची शरम त्याच्या तोंडावर साचली होती. तो पुन्हा खांबाकडं वळला.

"झालं ना आता? कोल्या, तिले पाळीवर पोचवून दे."

कोलू जागचा हलला नाही. ठमाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. तिनं पदर पुढं ओढला नाही. खांबाशीही बोलली नाही.

"तुमी बोलावलं मोठेभाऊ," ती म्हणाली. "नाव घेऊन बोलावलं. सगळ्या गावानं ऐकलं."

ठमाबाईनं खांद्यावरचा काळा पडदा काढला, नीट झटकला आणि दाराच्या खुंटीला अडकवला. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथल्या बाया भांडी घासत होत्या.

"मिठाचा डबा कुठी ठेवता आजकाल?" तिनं विचारलं.